दादाचा चांगला पाय

माझा मोठा भाऊ घरं रंगवतो. भिंती काय, कुणीही रंगवतं. पण छत रंगवायचं असलं की मेस्त्री दादालाच हाक मारतात, कारण त्याच्या छतावर रोलरचे पट्टे उमटत नाहीत. दोन घोड्या लावायच्या, त्यांच्यावर आडवी फळी टाकायची, फळीवर चढून टाचा उचलायच्या आणि मान मागे टाकून तासन्‌तास हात चालवायचा, असं ते काम. रंगाचे थेंब भुवयांवर पडतात, पापण्यांवर पडतात. वहिनी म्हणते, लग्नानंतर ह्यांच्या केसांचा खरा रंग मी पाहिलेलाच नाही.

शाळेत असताना दादा पळायचा. पोटऱ्या तेव्हापासूनच अशा भरीव की आई म्हणायची, याचा बाकीचा देह या पोटऱ्यांच्या मापाने कधी भरणार कोण जाणे. तो भरला नाही. दादा अंगाने किरकोळच राहिला आणि पोटऱ्या मात्र पैलवानाच्या. फळीवर टाचा उचलून उभं राहण्यात त्याचं सगळं आयुष्य चाललेलं, त्यामुळे त्या आणखी घट्ट होत गेल्या.

आम्ही एका घरात पाच जण. आई, दादा, वहिनी, त्यांची शाळेत जाणारी मुलगी आणि मी. मी बसस्थानकावर तिकिटांच्या खिडकीत बसते. वहिनी पाळणाघरात काम करते. दिवसभर दुसऱ्यांची मुलं कडेवर घेऊन घरी आली की स्वतःची मुलगी म्हणते, आता मला घे. संध्याकाळी आमच्या घरात कुणी कुणाला ‘दमलास का’ असं विचारत नाही. पाच माणसं, पाच चेहरे, उत्तर समोरच दिसत असतं.

दादाचा डावा पाय दुखायला लागला तेव्हा म्हणूनच कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. त्याचंही नाही.

दुखणं विचित्र होतं. बसलेला असला की काही नाही. झोपेत काही नाही. पण घराकडे येणारा चढ चढायला लागला की अर्ध्यावर डाव्या पोटरीत गोळा यायचा, पोटरी दगडासारखी व्हायची आणि पाऊल बधिर. मग तो थांबायचा. जरा वेळ उभा राहिला की सगळं निवळायचं, जणू काही झालंच नव्हतं. पुन्हा चालायला लागला की पुन्हा तेच. रस्त्यात मध्येच उभं राहायला त्याला लाज वाटायची, म्हणून तो दुकानांच्या काचांसमोर उभा राहायचा. घड्याळांच्या दुकानासमोर, भांड्यांच्या दुकानासमोर. एकदा पाय नेमका बायकांच्या कपड्यांच्या दुकानापुढे आखडला. काचेतल्या पुतळ्यांकडे टक लावून उभ्या राहिलेल्या दादाला बघून दुकानदारीण बाहेर आली आणि म्हणाली, “भाऊ, रोज बघता, एकदा वहिनींना घेऊन या की.” दादाने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आम्ही सगळे हसलो. वहिनी सगळ्यात जास्त हसली. नंतर तिनेच विचारलं, “पण रोज का थांबता?”

तेव्हा पहिल्यांदा डॉक्टरकडे जायचं ठरलं.

आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी पाय दाबून पाहिला आणि म्हणाले, जीवनसत्त्वं कमी पडली असतील. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. मग हाडांच्या डॉक्टरांनी कमरेचा फोटो काढला. फोटोत एक मणका किंचित सरकलेला दिसला. छत रंगवणाऱ्या माणसाचा मणका सरकलेला नसता तरच नवल. त्यांनी पट्टा दिला आणि व्यायाम शिकवायला पाठवलं. व्यायाम शिकवणारी मुलगी मोठी मायाळू होती. तिने सांगितलं, भिंतीला हात लावा आणि टाचा वर-खाली करा, पोटरीत ताकद येईल. दादाने मान डोलावली आणि घरी येऊन म्हणाला, “दिवसभर तेच तर करतो मी.” तरी केले व्यायाम, इमानदारीने. पाय आणखी दुखायला लागला. तिला सांगितलं तर ती म्हणाली, सुरुवातीला दुखणारच.

एकाने शिरा फुगल्यात का ते पाहिलं, एकाने बुटात घालायला रबरी तळवे दिले. एका डॉक्टरांनी सगळे कागद चाळून चष्मा काढला आणि घरी काही ताण आहे का, असं विचारलं. दादा म्हणाला, “ताण नाही असं घर तुम्ही पाहिलंय का?” डॉक्टर हसले, दादा हसला नाही. झोपेच्या गोळ्या घेऊन आम्ही परत आलो.

खरं सांगायचं तर यातला कुणीच वाईट नव्हता. दादा त्यांच्यासमोर बसलेला असायचा किंवा झोपलेला असायचा, आणि बसल्या-झोपल्या पायाला काही होतच नव्हतं. पाऊल गरम, रंग चांगला, पायातली नाडी ठणठणीत. दुखणारा पाय घेऊन घरातून निघायचं आणि डॉक्टरांच्या टेबलावर मात्र निरोगी पाय ठेवायचा, असं चाललं होतं. दोन वर्षं अशीच गेली.

कामावर त्याचं नाव बगळा पडलं. फळीवर उभा असताना तो डावा पाय अधूनमधून घोडीच्या दांडीवर टेकवून एका पायावर उभा राहायचा, म्हणून. आधी पोरं मागून म्हणायची, मग तोंडावर म्हणायला लागली. मेस्त्री हा तसा जुना माणूस, दादाला त्यानेच कामाला लावलेलं. पण त्याच्याही डोक्यात शंका घर करून बसली. एका दुपारी तो सगळ्यांसमोर म्हणाला, “अरे, खाली बसला की तुझा पाय बरा आणि वर चढलास की दुखतो. असला शहाणा पाय मलाही मिळवून दे.” दादा पुन्हा फळीवर चढला. त्याने ते छत पूर्ण केलं, रंगाचा दुसरा हातही मारला, आणि घरी येऊन न जेवता झोपला.

घरातही सूर बदलला होता. एकदा बाजारातून येताना तो चढावर तीनदा थांबला. वहिनीच्या दोन्ही हातांत पिशव्या आणि पाठीवर झोपलेली पोर. ती म्हणाली, “तुमचा पाय दुखला की तुम्ही थांबता. मी कुठं थांबू, ते सांगा.” रागावून नाही, अगदी थकून म्हणाली. त्यानंतर दादाने पायाबद्दल घरात बोलायचं सोडूनच दिलं. डॉक्टरांच्या कागदांची पिशवी त्याने माळ्यावर टाकली आणि आई विचारायची तेव्हा “बरं आहे” म्हणायला लागला. उजवी पोटरीही मधूनच भरून येते, हे तर त्याने कुणालाच सांगितलं नाही.

मग ती दुपार आली. एका इमारतीच्या जिन्याचं छत चाललं होतं. जिन्यात फळी नीट बसत नाही, एक पाय वरच्या पायरीवर, एक खाली, असं चवड्यांवर तोलून काम करावं लागतं. दादाच्या डाव्या पायात नेहमीचा गोळा आला. तो खाली उतरला, पायरीवर बसला आणि पाय निवळायची वाट बघू लागला. पाय निवळेना. बूट काढून पाहिलं तर पाऊल मेणासारखं पांढरं आणि हात लावला तर गार. बोटांना चिमटा काढला, कळलं नाही. तोंडावर बगळा म्हणणाऱ्या पोरांपैकीच एकाने त्याला खांद्याचा आधार देऊन खाली आणलं आणि मला फोन केला. मी खिडकीवर ‘बंद’ची पाटी लावली. रांगेतले लोक ओरडत होते, ते ऐकत ऐकतच मी बाहेर पडले.

मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या खोलीत एक तरुण डॉक्टरीण होती. तिची ड्युटी संपत आली असावी, कारण ती जांभई दाबत दाबत माणसं तपासत होती आणि तिच्या ॲप्रनच्या खिशाला शाईचा डाग होता. तिने दादाच्या पावलावर बोटं ठेवली, मग घोट्यामागे ठेवली, मग गुडघ्याच्या मागे. तिची जांभई तिथेच विरली.

“सिगारेट ओढता?”

“नाही.”

“तंबाखू?”

“नाही.”

“साखर आहे? घरात कुणाला हृदयाचा आजार?”

“नाही. नाही.”

तिने कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुन्हा विचारलं, “सिगारेट खरंच नाही? आधी कधी? स्पष्ट सांगा, मी रागावणार नाही.”

दादा वेदनेने घामाघूम झाला होता. तो म्हणाला, “बाई, आता वाटतंय ओढायला हवी होती. निदान कशाने झालं ते तरी कळलं असतं.”

ती मला बाजूला घेऊन म्हणाली, “पायाला रक्त नेणारी मोठी धमनी बंद झाली आहे. चौतीस वर्षांच्या, व्यसन नसलेल्या माणसाला असं सहसा होत नाही. मी आमच्या सरांना बोलावते.” सलाईन लागलं, त्यातून रक्ताची गुठळी वाढू नये म्हणून औषध सुरू झालं. तेवढ्यात वहिनी पोचली. तिच्या ओढणीला कुणाच्या तरी बाळाचं दूध सांडलेलं होतं. ती दादाच्या उशाशी उभी राहिली आणि त्याचा तळहात दोन्ही हातांत धरून ठेवला.

सर आले. रक्तवाहिन्यांचे सर्जन, निवृत्तीला आलेले, पाठीत वाकलेले, आवाज इतका हळू की पुढे होऊन ऐकावं लागे. त्यांनी डावा पाय बघितला, मान हलवली, आणि मग असं काही केलं की आम्ही चक्रावलोच. ते पलंगाला वळसा घालून पलीकडे गेले.

“उजवा पाय चांगला आहे म्हणता ना? मग तोच बघू या.”

“सर, दुखतोय डावा,” वहिनी म्हणाली.

“डाव्याला जे व्हायचं ते होऊन गेलंय, बाई. तो आता काही सांगणार नाही. उजवा सांगेल.”

त्यांनी उजव्या पावलाची नाडी शोधली आणि मला जवळ बोलावलं. “बहीण ना तुम्ही? इथं बोट ठेवा. घोट्याच्या आतल्या अंगाला, जरा मागे. जोरात नको. लागतंय?” माझ्या बोटांखाली टक, टक, टक, बारीक पण स्वच्छ. “आता हो,” ते दादाला म्हणाले, “गुडघा सरळ ठेवा आणि पाऊल खाली दाबा. माझ्या हातावर. गाडीचा ब्रेक दाबतो तसं. आणखी जोरात.”

दादाने दाबलं. त्याची पोटरी टरारून फुगली आणि माझ्या बोटांखालचं टक-टक बंद झालं. एकदम. मला वाटलं माझं बोट सरकलं. “सोडा,” सर म्हणाले. टक, टक, टक. “दाबा.” काही नाही. मी सरांकडे पाहिलं. त्या तरुण डॉक्टरिणीनेही येऊन बोट ठेवलं आणि तिचे डोळे विस्फारले.

“तुम्ही काम काय करता?” सरांनी विचारलं.

“छत रंगवतो.”

“चवड्यावर उभं राहून?”

“चवड्यावरच.”

सरांनी पायावर चादर ओढली. मग दादाच्या पलंगाच्या कडेला बसूनच बोलू लागले. गुडघ्याच्या मागून जी धमनी खाली जाते, ती पोटरीच्या स्नायूच्या दोन मुळांच्या मधून सरळ उतरते. काही मोजक्या माणसांत, आईच्या पोटात पाय घडत असतानाच ती रस्ता चुकते आणि स्नायूला वळसा घालून जाते. मग माणूस पोटरी आवळतो तेव्हा तो स्नायू त्या धमनीला हाडावर चिरडतो. सोडलं की रक्त पुन्हा वाहतं. “म्हणून बसलेल्या माणसात सापडत नाही हे. मी सुद्धा इतक्या वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच पाहिलेत. वर्षानुवर्षं चिरडून चिरडून डावीकडची धमनी आतून खराब झाली, आणि आज तिच्यात गुठळी धरली. फोटो काढून खात्री करून घेऊ. पण पाय वाचेल असं वाटतंय. उद्या सकाळी पहिलं ऑपरेशन तुमचं.”

“म्हणजे मला खरंच दुखत होतं,” दादा म्हणाला.

“फार दुखत असणार,” सर म्हणाले.

दादाने तोंड भिंतीकडे वळवलं. त्याचे खांदे हलत होते. बाप गेला तेव्हाही मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

फोटोत तसंच निघालं. दोन्ही पायांत धमनीची वाट चुकलेली, डावीकडे बंद, उजवीकडे अजून मोकळी. आईला समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. ती सगळं ऐकून म्हणाली, “माझ्या पोटात असताना झालं?” मी म्हटलं, हो, पण त्यात कुणाचीच चूक नाही, डॉक्टर तसं म्हणाले. “ते म्हणणारच,” ती म्हणाली आणि दादाच्या शर्टांच्या घड्या घालायला बसली. घातलेल्या घड्या मोडून पुन्हा घातल्या. दादा पोटात असताना ती कुठे कामाला होती, काय उचलत होती, किती जिने चढत होती, हे त्या दिवशी तिने मला पहिल्यांदा सांगितलं. त्याचा याच्याशी काही संबंध नाही, असं मी दहा वेळा म्हटलं. तिने ऐकलं, पण पटवून घेतलं नाही.

ऑपरेशन लांबलं. दादाला पालथं झोपवून गुडघ्याच्या मागून उघडलं. वाटेत आलेला स्नायूचा पट्टा कापला, धमनीचा खराब तुकडा काढून टाकला आणि त्याच्याच पायातून घेतलेली एक शीर तिथे शिवली. बाहेरच्या बाकावर वहिनी आणि मी. समोर पाण्याचं यंत्र होतं, त्याचा नळ ठिबकत होता. वहिनी मध्येच म्हणाली, “मी त्यांना काय काय बोलले.” मी म्हटलं, आपण सगळेच बोललो. ती म्हणाली, “तुम्ही नाही बोललात.” मी बोलले नव्हते, हे खरं. पण मी विचारलंही नव्हतं. ते मी तिला सांगितलं नाही. एवढ्यात परिचारिका बाहेर आली आणि आम्हाला आत घेऊन गेली.

पाऊल गुलाबी होतं. वहिनीने आधी नखं पाहिली, मग हात लावला आणि म्हणाली, “गरम आहे.” पुन्हा हात लावला. “गरम आहे हो.”

दादा अर्धवट गुंगीत होता. शुद्धीवर येऊन तो पहिलं वाक्य काय बोलला असेल? वरच्या छताकडे बघत म्हणाला, “पुट्टी नीट घासलेली नाही इथं. सगळे उंचवटे तसेच ठेवलेत.”

पुढचे आठवडे मात्र हसण्यासारखे नव्हते. गुडघ्यामागे टाके, पाय सुजलेला, रात्री कळा. रक्त पातळ करणारी गोळी रोज, चुकवायची नाही. दादा काठी घेऊन खोलीत फेऱ्या घालायचा आणि त्याची मुलगी मागून त्याची नक्कल करत चालायची. वहिनीने पाळणाघरातली सकाळची पाळी घेतली, मी तिकिटांच्या खिडकीवरची दुपारची, आणि आम्ही दोघी दारातच काय त्या एकमेकींना भेटायचो. आजार सापडला म्हणून दमणूक थोडीच कमी होते? उलट ज्या आनंदाची आम्ही दोन वर्षं वाट पाहिली होती, तो आला तेव्हा त्याला भेटायला कुणात त्राणच उरलं नव्हतं.

मेस्त्री भेटायला आला. दारातच उभा राहिला, बूट काढू की नको करत. दादाने बस म्हटलं तेव्हा बसला.

“मला वाटलं, तू अंग चोरतोस,” तो म्हणाला.

“माहीत आहे.”

“पोरांना सांगितलंय मी. ते नाव परत कुणी घेतलं तर कामावरून काढीन.”

“राहू दे रे,” दादा म्हणाला. “आता सवय झाली.”

मेस्त्री चहा घेऊन गेला. जाताना म्हणाला, बरा झालास की ये, तुझ्यासाठी काम आहे. दादाने काय काम, असं विचारलं नाही.

उजव्या पायाचं ऑपरेशन काही महिन्यांनी झालं. ते सोपं होतं, कारण धमनी शाबूत होती. स्नायूचा पट्टा कापून तिची वाट मोकळी केली, एवढंच. सर म्हणाले, हा पाय वेळेवर बोलला म्हणून वाचला. डाव्या पायाच्या दोन बोटांत मात्र अजूनही संवेदना नाही. खडा टोचला तरी दादाला कळत नाही, म्हणून वहिनी रोज संध्याकाळी त्याचा तळवा दिव्याखाली धरून बघते. तो वर्तमानपत्र वाचत बसतो आणि ती बघते.

तो कामावर गेला. चढ आता न थांबता चढतो. पण छत जास्त वेळ करू नका, असं सरांनी बजावलंय. मेस्त्रीने त्याला दारं-खिडक्यांच्या पॉलिशचं काम दिलं आहे. ते बसून करता येतं. दादाला ते आवडत नाही. पॉलिशच्या वासाने डोकं धरतं म्हणतो, आणि शेवटी ते दुसऱ्याच्या लाकडाचं काम, आपण काही झाकत नाही, नुसतं चमकवतो, असंही म्हणतो. छत करणारा नवा माणूस पट्टे सोडतो. दादा ते बघतो आणि पॉलिशचं फडकं पुन्हा हातात घेतो.

परवा मी त्याला तपासणीला घेऊन गेले. सरांनी दोन्ही पायांच्या नाड्या पाहिल्या, दाबा, सोडा, दाबा, सोडा, आणि सहा महिन्यांनी या म्हणाले. बाहेर आल्यावर दादा म्हणाला, “जरा बसू या.” मी त्याच्या पायाकडे पाहिलं. “दुखतंय?”

“नाही गं. पाय ठीक आहे. मी दमलोय.”

मग आम्ही बाकावर बसलो. समोरून ढकलगाड्या जात होत्या, कुणीतरी कुणाच्या तरी नावाचा पुकारा करत होतं. पाच-सात मिनिटांत दादाची मान छातीवर आली आणि तो घोरायला लागला. मला कामावर जायचं होतं. मी त्याला उठवलं नाही.